वीस हजार एमएएचची पॉवर बँक तीनदाही का पुरत नाही?

प्रश्न : आमच्या कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात लाइट गेली की दोन-दोन दिवस पत्ता नसतो. पॉवर बँक २०,००० एमएएचची आहे, फोनची बॅटरी ५,०००ची. म्हणजे चार वेळा भरायला हवा, पण तिसऱ्यांदा भरता भरताच ती संपते. हातातले स्मार्ट घड्याळ लावले तर मिनिटभरात पुरवठा बंद. पॉवर बँक बिघडली का? सोलर पॅनेल घेऊ का?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : पॉवर बँक चांगली आहे. २०,००० हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा, म्हणजे ७४ वॉट-तास. बाहेर देताना व्होल्टेज चढवावे लागते, फोनमध्ये पुन्हा उतरवावे लागते. त्यात पाव हिस्सा तरी उष्णतेत जातो. उरलेल्या ५३-५५ वॉट-तासांमधून दर खेपेला फोन १९ घेतो. खोक्यावर बारीक अक्षरात ‘रेटेड कपॅसिटी’, म्हणजे प्रत्यक्ष बाहेर मिळणारी क्षमता, लिहिलेली असते. विकत घेताना तीच वाचा.

घड्याळ इतका कमी करंट ओढते की काही जोडलेलेच नाही असे समजून पॉवर बँक बंद होते. बऱ्याच मॉडेलमध्ये बटण दोनदा दाबले की कमी करंटचा मोड लागतो. नसेल तर दुसऱ्या पोर्टला फोन लावा आणि दोन्ही एकदम चार्ज करा.

जुलै-ऑगस्टसाठी पॅनेल घेऊ नका. दाट ढगांत १० वॉटचे पॅनेल एक-दोन वॉटसुद्धा मुश्किलीने देते. थेट फोन लावलात तर चार्जिंग सारखे तुटते-जुळते, दर वेळी स्क्रीन पेटते आणि असलेली बॅटरीही उतरते. डिसेंबरात भीमगडच्या बाजूला जाणार असाल तर गोष्ट वेगळी. तेव्हा उन्हात पॅनेलने पॉवर बँक भरा, फोन रात्री. पॉवर बँक मात्र पॅनेलच्या सावलीत ठेवा.

खरी गळती रेंजची आहे. सिग्नल क्षीण असला की फोन टॉवर शोधत राहतो. फ्लाइट मोड लावा आणि सकाळ-संध्याकाळ उंचवट्यावर जाऊन काढा. नकाशा आधी उतरवून ठेवला असेल तर जीपीएस फ्लाइट मोडमध्येही चालते.

पोर्ट ओले असताना केबल अजिबात लावू नका. करंटमुळे आतल्या पिना गंजतात. पोर्ट खाली करून हलके झटका आणि वाऱ्यावर वाळवा. चुलीपाशी नको, लिथियम सेलला ती उष्णता सोसत नाही. तांदळाच्या डब्यातही नको, कोंडा पोर्टमध्ये बसतो.

पैसे घालायचेच तर चार्जरवर घाला. १० वॉटच्या चार्जरने तुमची पॉवर बँक भरायला नऊ तास लागतात, १८ वॉटच्या चार्जरने साधारण पाच. फक्त तिच्या इनपुटवर १८ वॉट लिहिलेले आहे ना, ते पाहून घ्या. मधे दोनच तास लाइट आली तरी मोठ्या चार्जरने एकदा फोन भरेल एवढा साठा होतो.