जहाज सातला लागणार, मग अकराचे विमान घ्यावे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातील एक निवृत्त बँक कर्मचारी (वय ६८) आणि त्यांच्या पत्नी (वय ६४) यांनी ऑक्टोबरमध्ये बार्सिलोनाहून निघणारी भूमध्य समुद्रातील सात रात्रींची क्रूझ घेतली आहे. फ्रान्स आणि इटलीतील बंदरे करून ती एका शुक्रवारी सकाळी सात वाजता रोमजवळच्या चिवितावेक्किया बंदरात संपते. आखाती मार्गाने मुंबईला परतण्याचे चार पर्याय त्यांच्यापुढे आहेत. दोघांचे मिळून सकाळी ११.२० च्या विमानाचे ६८,००० रुपये, दुपारी ३.२५ च्या विमानाचे ७९,००० आणि रात्री १० च्या विमानाचे ८४,००० रुपये पडतात. दुसऱ्या दिवशी दुपारचे तिकीट ७२,००० रुपयांना आहे, पण त्यात एका रात्रीचे हॉटेल वाढते. मुलाच्या मते सातला जहाज लागत असेल तर अकराचे स्वस्त विमान आरामात मिळेल. ट्रॅव्हल एजंटच्या मते एक रात्र थांबणेच शहाणपणाचे आहे. रोम त्यांनी पूर्वी पाहिले आहे. सर्वांत स्वस्त तिकीट धरले तर सहलीसाठी काढलेल्या रकमेतून २५,००० रुपये उरतात. बाकी पैसा मुदत ठेवींत आहे.

सप्रेम नमस्कार.

आपण दुपारी ३.२५ चे तिकीट घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यासाठी ११,००० रुपये जास्त मोजावे लागतील, ते मोजावेत; त्याहून जास्त खर्च करण्याची मात्र आपल्याला गरज नाही. कारणे विस्ताराने देतो, कारण आपल्या आकड्यांपैकी एखादा जरी बदलला तरी निर्णय बदलू शकतो आणि तेव्हा आपल्याला स्वतःच हिशेब करता यावा.

आधी वेळेचा हिशेब. सात ही जहाज धक्क्याला लागण्याची वेळ आहे, आपण जहाजातून बाहेर पडण्याची नव्हे. जहाज लागल्यावर बंदर अधिकाऱ्यांची परवानगी मिळाल्याशिवाय कोणालाही उतरता येत नाही. त्यानंतर स्वतःचे सामान स्वतः वाहून नेणारे प्रवासी आधी उतरतात. ज्यांनी आदल्या रात्री बॅगा केबिनबाहेर ठेवल्या, त्यांना टॅगच्या रंगानुसार गटागटाने बोलावले जाते आणि बॅगा टर्मिनलमध्ये शोधून घ्याव्या लागतात. हा क्रम नऊ-साडेनऊपर्यंत चालतो. आपले पासपोर्ट प्रवासात जहाजावर जमा करून घेतले असतील, तर ते आदल्या संध्याकाळीच परत घ्यावेत. शेवटच्या सकाळच्या रांगेत उभे राहू नये. क्रूझची सर्व बंदरे शेंगेन क्षेत्रातच (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) असल्यामुळे उतरताना इमिग्रेशनची रांग सहसा लागत नाही, एवढी एक सोय आपल्या बाजूने आहे.

चिवितावेक्किया हे ‘रोमचे बंदर’ म्हणून विकले जात असले तरी रोम शहर तेथून सुमारे ८० किलोमीटरवर आहे आणि रोमचा फ्युमिचिनो विमानतळ सुमारे ६५ किलोमीटरवर. आधी ठरवलेल्या गाडीने मोकळ्या रस्त्यावर एक तास लागतो. रेल्वेने जायचे तर धक्क्यापासून लार्गो देला पाचेपर्यंत बंदराची बस, तेथून स्टेशन, मग रोमकडे जाणारी गाडी आणि त्रास्तेव्हेरे स्थानकावर उतरून विमानतळाची दुसरी गाडी असा प्रवास आहे. तरुण माणसाने एका पाठपिशवीसह तो खुशाल करावा. चार मोठ्या बॅगांसह आपण दोघांनी करू नये. गाडीचा खर्च चारही पर्यायांत आहेच, म्हणून तुलनेत मी तो धरलेला नाही.

आता विमानतळाकडून मागे मोजत येऊ. लांब पल्ल्याच्या विमानांचे चेक-इन काउंटर साधारणपणे सुटण्याच्या एक तास आधी बंद होतात. म्हणजे ११.२० च्या विमानासाठी १०.२० ही शेवटची घटका आणि त्यासाठी बंदर फार तर ९.१० ला सोडायला हवे. सामान टॅग लावून बाहेर ठेवले आणि नऊला हातात आले, तर आपल्याकडे दहा मिनिटे उरतात. सर्व बॅगा स्वतः ओढत पावणेआठला उतरलात तर जवळपास दीड तास मिळेल, हे खरे. परंतु काउंटर गाठले म्हणजे विमान गाठले असे होत नाही. त्यापुढे सुरक्षा तपासणी आणि इमिग्रेशन आहे. युरोपीय देशांनी १२ ऑक्टोबर २०२५ पासून बिगर-युरोपीय प्रवाशांच्या प्रवेश आणि निर्गमनाची बोटांचे ठसे व छायाचित्रासह संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू केली आहे, त्यामुळे भारतीय पासपोर्टधारकाने बाहेर पडतानाच्या रांगेसाठीही वेळ हाताशी ठेवणे आवश्यक झाले आहे. याउलट ३.२५ च्या विमानासाठी बंदर सव्वाअकराला सोडले तरी आपण विमानतळावर तीन तास आधी पोहोचता, आणि काही बिघडलेच तर सव्वा वाजता निघूनही काउंटर बंद होण्यापूर्वी पोहोचू शकता. नऊला सामान हाती आले असे धरले, तर ही चार तासांची मोकळीक आहे. ११,००० रुपयांत आपण जे विकत घेत आहात ते हेच चार तास.

ते महाग आहेत का, हे ठरवण्यासाठी विमान चुकल्यास किती नुकसान होईल ते मांडले पाहिजे. विमान आपल्या उशिरामुळे चुकले, तर विमान कंपनी प्रवासी आलाच नाही असे नोंदवते आणि त्या तिकिटावरचा पुढचा, आखातातून मुंबईपर्यंतचा टप्पाही रद्द होतो. ऐन वेळी घेतलेले एकतर्फी तिकीट माणशी ५५,००० रुपयांना मिळेल असे मी धरतो, म्हणजे दोघांचे १,१०,०००. विमानतळाजवळचे हॉटेल, जेवण आणि येण्या-जाण्याचे २०,००० धरले की एकूण १,३०,००० रुपये होतात. वाचवलेले ११,००० या रकमेच्या साधारण साडेआठ टक्के आहेत. म्हणजे सकाळचे विमान चुकण्याची शक्यता बारात एक याहून जास्त वाटत असेल, तर दुपारचे महाग तिकीटच प्रत्यक्षात स्वस्त आहे. जहाज वाऱ्यामुळे तासभर उशिरा लागणे, परवानगीला वेळ लागणे, एक बॅग न सापडणे, महामार्गावर अपघातामुळे रांग लागणे, यांपैकी एकच गोष्ट घडली तरी ते दहा मिनिटांचे गणित मोडते. माझ्या अंदाजाने आपल्या वयाच्या आणि एवढ्या सामानाच्या जोडप्यासाठी ही शक्यता बारात एकपेक्षा निश्चितच जास्त आहे.

आणखी एक गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. वरचा हिशेब सरासरीचा आहे. वर्षाला शंभर वेळा असा प्रवास करणाऱ्या व्यक्तीला सरासरी उपयोगी पडते, कारण तिचे चुकलेले विमान बाकीच्या वेळच्या बचतीतून भरून निघते. आपण हा प्रवास एकदाच करणार आहात. विमान चुकले तर आपल्या हाती उरलेले २५,००० रुपये पुरणार नाहीत. वरचे एक लाखाहून अधिक रुपये मुदत ठेव मोडून काढावे लागतील आणि मुदतपूर्व मोडण्याचे कमी झालेले व्याज त्यात मिळवावे लागेल. ११,००० रुपये मात्र शिल्लक रकमेतूनच भागतात आणि त्यानंतरही १४,००० उरतात. जे नुकसान निवृत्तीच्या पुंजीपर्यंत पोहोचू शकते, ते टाळण्यासाठी खिशातली ठरावीक रक्कम देणे हे मी कोणत्याही निवृत्त अशिलाला सुचवीन.

मग हाच तर्क पुढे नेऊन रात्रीचे विमान का घेऊ नये? भाड्यातला फरक वरवर ५,००० रुपयांचाच दिसतो. परंतु जहाजाची केबिन सकाळीच रिकामी करावी लागते. त्यामुळे दिवसभर सामान ठेवण्याचे भाडे आणि बाहेरची दोन जेवणे मिळून मी आणखी ४,००० धरतो. एकूण ९,००० रुपये झाले, म्हणजे १,३०,००० च्या सुमारे सात टक्के. दुपारचे विमान चुकण्यासाठी आपण चार तासांहून अधिक उशिरा बाहेर पडायला हवे, आणि ते घडण्याची शक्यता सात टक्क्यांच्या जवळपासही नाही. पहिल्या ११,००० रुपयांनी मोठा धोका जातो. पुढच्या ९,००० रुपयांनी उरलेला अगदी थोडा धोका कमी होतो. शिवाय रात्री दहापर्यंत सामानासह थांबणे हा आपल्या वयात शरीराला होणारा खर्चही आहे. त्याला मी रुपयांत किंमत लावलेली नाही, एवढेच.

एजंटचा सल्ला मी टाकाऊ मानत नाही. तिकीट ७२,०००, हॉटेल १५,०००, जेवण, जादा वाहतूक आणि हॉटेलात वेगळा द्यावा लागणारा शहर कर मिळून ७,०००, असे एकूण ९४,००० होतात. दुपारच्या तिकिटापेक्षा हे १५,००० रुपये जास्त आहेत. रोम पाहायचे राहिले असते, तर मी आनंदाने ‘थांबा’ म्हटले असते. तो खर्च मग सहलीचा असता आणि त्यातून मिळणारी निश्चिंतता वरकड. आपण रोम पाहिले आहे, तेव्हा केवळ सुरक्षिततेसाठी १५,००० रुपये देणे मला पटत नाही. तरीही एक रात्र थांबावेसे वाटले, तर व्हिसावर छापलेले मुक्कामाचे दिवस आधी मोजा. प्रवेशाचा आणि निर्गमनाचा असे दोन्ही दिवस त्यात धरले जातात. शेंगेन व्हिसासाठी लागणारा किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमाही त्या वाढीव दिवसापर्यंत चालू असला पाहिजे.

हा विचार ठिकाणानुसार बदलतो. हीच क्रूझ सिंगापूरच्या मरीना बे येथे संपली असती, तर चांगी विमानतळ टॅक्सीने जेमतेम अर्ध्या तासावर आहे आणि मी दुपारपूर्वीच्या विमानाला इतका विरोध केला नसता.

शुक्रवारचा एक वेगळा मुद्दा आहे. इटलीत वाहतुकीचे संप पुष्कळदा शुक्रवारी होतात. १९९० च्या १४६ क्रमांकाच्या कायद्यानुसार त्यांची किमान दहा दिवस आधी सूचना द्यावी लागते, म्हणून प्रवासाच्या आठवडाभर आधी इटलीच्या वाहतूक मंत्रालयाने जाहीर केलेली संपांची यादी पाहावी. संपाच्या दिवशी सकाळी ७ ते १० आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांतील विमानांना संरक्षण असते. २७ जुलै ते ५ सप्टेंबर या काळात तर हवाई वाहतुकीत संप करताच येत नाही. आपला प्रवास ऑक्टोबरमध्ये आहे आणि चारपैकी एकही विमान त्या संरक्षित वेळांत नाही, त्यामुळे संपाची भीती हे यांतील एक विमान सोडून दुसरे घेण्याचे कारण ठरत नाही. संपामुळे विमान रद्द झाले, तर पर्यायी विमान आणि गरज पडल्यास हॉटेल देण्याची जबाबदारी विमान कंपनीची असते. युरोपीय संघातून निघणाऱ्या प्रत्येक विमानाला, मग कंपनी कोणत्याही देशाची असो, हा नियम लागू आहे. जहाजाच्या उशिरामुळे आपणच पोहोचला नाहीत, तर मात्र या नियमाचा काहीही आधार मिळत नाही, आणि आपण स्वतंत्रपणे काढलेल्या तिकिटाची जबाबदारी क्रूझ कंपनीही घेत नाही. प्रवास विम्यातील ‘चुकलेली जोडणी’ हे कलम वाचून पाहा: ते कोणत्या कारणांना आणि किती तासांच्या उशिराला लागू आहे, आणि क्रूझ त्यात धरली आहे की तिचे संरक्षण वेगळे घ्यावे लागते, हे एजंटकडून लेखी घ्यावे.

तिकीट कोठून काढावे, याचाही हिशेबाशी संबंध आहे. नुसते विमानाचे तिकीट हे परदेश सहलीचे पॅकेज मानले जात नाही. एजंटने तेच क्रूझच्या बिलात जोडून दिले, तर त्या रकमेवरही टीसीएस (बिल भरतानाच आगाऊ वसूल होणारा आयकर) लागू शकतो. तो विवरणपत्र भरताना करातून वजा होतो किंवा परत मिळतो, पण तोपर्यंतचे महिने पैसा अडकून राहतो. म्हणून तिकीट वेगळे, रुपयांत काढावे. फ्युमिचिनो ते मुंबई हा संपूर्ण प्रवास एकाच पीएनआरवर (बुकिंग क्रमांकावर) असावा, म्हणजे आखातात पहिले विमान उशिरा पोहोचले तरी पुढची सोय करणे कंपनीवर बंधनकारक राहते. दोन स्वतंत्र तिकिटे कितीही स्वस्त दिसली तरी घेऊ नयेत.

मुंबईला पोहोचण्याच्या वेळेचा फरकही दुपारच्या विमानाच्या बाजूने आहे. सकाळचे विमान आपल्याला मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास उतरवील आणि पुण्याची गाडी घाटातून रात्री काढावी लागेल. दुपारचे विमान सकाळी साडेसहाच्या आसपास पोहोचेल आणि आपण उजेडात घरी याल.

निघण्यापूर्वी एक व्यवस्था मात्र करूनच ठेवावी. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२० पासून लागू असलेल्या नियमानुसार नवी कार्डे मुळात केवळ देशांतर्गत व्यवहारांसाठी चालू असतात. आपल्या क्रेडिट कार्डावरील आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार बँकेच्या अॅपमधून सुरू करावेत, मर्यादा किमान दीड लाख ठेवावी आणि ओटीपी येणारे सिम रोमिंगवर चालू राहील याची खात्री करावी. परकीय चलनातील खर्चावर अनेक कार्डे साडेतीन टक्क्यांपर्यंत शुल्क आणि त्यावर जीएसटी लावतात, म्हणून हे कार्ड अडचणीसाठी राखून नेहमीच्या खर्चाला फॉरेक्स कार्ड (आधीच परकीय चलन भरून ठेवलेले कार्ड) वापरावे. शेवटच्या सकाळी जहाज फारच उशिरा लागत आहे असे दिसले, तर विमान सुटण्याची वाट न पाहता जहाजावरूनच विमान कंपनीशी संपर्क साधून तिकीट पुढच्या विमानावर बदलून घ्यावे. विमान सुटण्यापूर्वी केलेल्या बदलाला शुल्क आणि भाड्यातील फरक भरून बहुधा भागते. विमान सुटल्यानंतर तेच तिकीट बहुतेक निरुपयोगी होते. त्यासाठी विमान कंपनीचा दूरध्वनी क्रमांक आणि पीएनआर कागदावर लिहून आपल्या व पत्नीच्या अशा दोन्ही पाकिटांत ठेवावा.