वाचकांचे प्रश्न : वाय-फाय जोडलेले दिसते, पण पान उघडत नाही

प्रश्न : आमच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी वापरायची मोफत संगणक प्रणाली) आहे. मागच्या आठवड्यातल्या वादळी पावसात वीज बराच वेळ ये-जा करत होती. तेव्हापासून वाय-फाय जोडलेले दिसते, मात्र ब्राउझरमध्ये एकही पान उघडत नाही. फोनवर सगळे व्यवस्थित चालते. मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा आहे आणि दुरुस्तीवाले लिनक्स काढून विंडोज टाका, असे सांगतात. काय करावे?
– एक वाचक, जांबोटी (ता. खानापूर)

उत्तर : विंडोज टाकण्याची काहीही गरज दिसत नाही. बिघाड राउटरमध्ये किंवा बाहेरच्या केबलमध्ये असेल, तर विंडोज टाकूनही तो तसाच राहील. म्हणून आधी जोडणी नेमकी कुठे तुटली आहे, ते शोधावे.

सुरुवात फोनपासून करावी. वाय-फायवर इंटरनेट मिळत नसेल, तर बरेच फोन न सांगता सिमच्या मोबाइल डेटावर जातात. त्यामुळे ‘फोनवर चालते’ एवढ्यावरून घरची जोडणी ठीक आहे असे म्हणता येत नाही. मोबाइल डेटा बंद करून, केवळ वाय-फायवर एखादे पान उघडून पाहावे. तेही उघडले नाही, तर लॅपटॉप निर्दोष आहे. फायबरच्या डब्यावर (बाहेरून आलेली फायबर केबल ज्याला जोडलेली असते तो) ‘लॉस’ हा दिवा लाल दिसत असल्यास प्रकाशाचा सिग्नलच घरापर्यंत पोचत नाही, आणि ते काम केबलवाल्याचे आहे. दिवा लाल नसेल, तर फायबरचा डबा आणि राउटर दोन्ही बंद करून थोड्या वेळाने आधी डबा सुरू करावा, त्याचे दिवे स्थिर झाले की मगच राउटर.

फोन केवळ वाय-फायवर चालत असेल, तर दोष लॅपटॉपकडे आहे. नेटवर्क सेटिंग्जमध्ये जोडणीचा तपशील उघडून आयपी पत्ता (नेटवर्कवर लॅपटॉपची ओळख सांगणारे आकडे) पाहावा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरने लॅपटॉपला पत्ताच दिलेला नाही. तेव्हा ती जोडणी ‘विसरून’ पासवर्ड पुन्हा घालावा. पत्ता १९२.१६८ असा असेल, तर टर्मिनल (आज्ञा टाइप करण्याची खिडकी) उघडून पिंग ही, पलीकडून उत्तर येते का ते पाहणारी आज्ञा, एक जागा सोडून ८.८.८.८ (हा गूगलच्या एका सेवेचा पत्ता) असे लिहावे (आज्ञा आणि आकडे रोमन लिपीतच टाइप करावेत). लिनक्समध्ये पिंग आपोआप थांबत नाही, त्यासाठी कंट्रोल आणि सी एकत्र दाबावे लागते. प्रत्येक ओळीच्या शेवटी मिलिसेकंद दिसू लागले, म्हणजे लॅपटॉप बाहेरच्या जगापर्यंत पोचतो आहे. मग आकड्यांऐवजी एखाद्या संकेतस्थळाचे नाव देऊन पिंग करावे. आकड्यांना उत्तर येते आणि नावाला ‘टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्यूशन’ असे येते, तर बिघाड डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा आहे. आपल्या लक्षणांवरून मला याचीच शक्यता अधिक वाटते.

त्याचा उपाय साधा आहे. त्याच जोडणीच्या आयपीव्ही४ या भागात डीएनएसचे ‘ऑटोमॅटिक’ बंद करून १.१.१.१ आणि ८.८.८.८ हे सर्वांसाठी खुल्या डीएनएस सेवांचे पत्ते लिहावेत, आणि वाय-फाय बंद करून पुन्हा सुरू करावे. शोधाशोध करताना ‘रिझॉल्व्ह कॉन्फ’ या, डीएनएसचे पत्ते ठेवणाऱ्या फाइलमध्ये १२७.०.०.५३ असा पत्ता दिसला, तर कृपया ती फाइल पुसू नये. तो लॅपटॉपमधल्याच मदतनीस सेवेचा पत्ता असून तिथे असणे योग्यच आहे.

नावालाही उत्तर येत असेल आणि ब्राउझर तेवढा प्रमाणपत्राची (संकेतस्थळाची ओळख पटवणाऱ्या पुराव्याची) तक्रार करत असेल, तर लॅपटॉपची तारीख पाहावी. जुन्या लॅपटॉपमधला घड्याळाचा सेल संपलेला असला, की वीज पूर्ण गेल्यावर तारीख काही वर्षे मागे जाते आणि सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत. पिंगला उत्तर कधी येते, कधी येत नाही, असे असेल, तर लॅपटॉप राउटरच्याच खोलीत नेऊन पाहावे, कारण आपल्या भागातल्या चिऱ्याच्या जाड भिंतींतून, विशेषतः ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल, फारसा पार होत नाही.

अर्जाची मुदत जवळ आली असेल, तर या तपासणीसाठी थांबू नये. फोनचा मोबाइल डेटा पुन्हा सुरू करून, फोन यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडून फोनच्या सेटिंग्जमध्ये यूएसबी टेदरिंग (फोनचे इंटरनेट केबलमधून लॅपटॉपला देण्याची सोय) सुरू करावे. अँड्रॉइड फोन असेल, तर लिनक्स मिंट सहसा वेगळा ड्रायव्हर (उपकरण ओळखण्यासाठी लागणारा छोटा प्रोग्राम) न मागता तो ओळखतो, आणि मुलीचा अर्ज आज रात्रीच भरून होईल.