अलीकडे कोणत्या कादंबऱ्या वाचल्यात आणि त्या तुम्हाला खरंच कशा वाटल्या?

समीक्षकाचं नको, सवडीनं वाचणाऱ्या साध्या माणसाचं मत हवंय, असं तुम्ही म्हटलंय. मी तशीच वाचणारी आहे. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहिते. फेब्रुवारी ते मे सौद्यांच्या धांदलीत मान वर करायला फुरसत नसते. पावसाळा लागला की आवक उतरते आणि दुपारी तासभर पुस्तक हातात घेता येतं. गेल्या पावसाळ्यापासून चार कादंबऱ्या संपवल्या, पाचवी चालू आहे.

पहिली 'बनगरवाडी'. माझ्याकडची प्रत वडिलांची. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा गावभागातल्या आमच्या घराचा तळमजला चार दिवस पाण्यात होता. वडिलांच्या ट्रंकेतली पुस्तकं भिजून विटेसारखी घट्ट झाली, बहुतेक फेकून द्यावी लागली. ही अंगानं बारकी, म्हणून पान न् पान सुटं करून पंख्याखाली वाळवली. अजूनही उघडली की पानं पापडासारखी वाजतात आणि खालच्या कडेला बोटभर रुंद गाळाची रेघ दिसते. इतकी वर्षं मी ती जपून ठेवली, वाचली मात्र नाही. आपल्याच जिल्ह्यातली धनगरवाडी, त्यात नवीन काय असणार, असं वाटायचं. फार मोठी चूक होती ती.

गोष्ट अगदी थोडकी. औंध संस्थानातल्या एका धनगरांच्या वाडीवर एक कोवळा मास्तर शाळा चालवायला येतो. पोरं मेंढरांमागं, शाळा ओस. हळूहळू कारभाऱ्याच्या आधारानं शाळा भरायला लागते, मास्तर वाडीतलाच होऊन जातो, सगळे मिळून तालीम बांधतात. मग पाऊस दडी मारतो, मेंढरं मरायला लागतात आणि माणसं जगायला म्हणून वाडी सोडून जातात. व्यंकटेश माडगूळकर स्वतः आटपाडी तालुक्यातल्या माडगूळचे आणि कादंबरी १९५५ची, म्हणजे त्यांनी जवळून पाहिलेलंच जग हे. त्या काळी आटपाडी भाग औंधच्या राजाकडे होता. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी म्हणजे सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे राजे. हे डोक्यात ठेवून वाचलं की वाडीला तालीम का हवी झाली आणि तिच्या उद्घाटनाला खुद्द राजा येणार याचं तिथल्या लोकांना काय वाटलं असेल, हे जास्त उमगतं.

एक प्रसंग मी तीन वेळा वाचला. शेकूकडे बैल एकच. पेरणीचा वाफसा निघून चाललाय, दुसरा बैल कुणी देईना. तेव्हा त्याची बायको जुवाची दुसरी बाजू स्वतःच्या खांद्यावर घेते. एका बाजूला बैल, दुसऱ्या बाजूला बाई. माडगूळकर तिथं हुंदका काढत नाहीत. त्या घरात दुसरा मार्गच नव्हता, एवढंच ते समोर ठेवतात आणि पुढं जातात. मी मात्र दुकानात पुस्तक मिटून गप्प बसले होते. हळद चाळणाऱ्या बायकांपैकी एकीनं विचारलं, "काय झालं वहिनी?" तिला तो प्रसंग सांगितला. ती म्हणाली, "माझ्या आजीनं वढलंय औत." सांगून चाळण हलवायला लागली. त्या दिवसापासून मला कादंबरी ओळखायची एक खूण सापडली. आतली माणसं कशावर जगतात, त्यांच्या घरात दाणा आणि पैसा कुठून येतो, हे लिहिणाऱ्याला माहीत असलं की त्याच्यावर माझा विश्वास बसतो. मग बाकीचं सगळं तो म्हणेल ते खरं.

तक्रार एकच. मास्तर वाडीतल्या पुरुषांत बसतो-उठतो, बायकांच्या चुलीपर्यंत तो क्वचितच पोचतो. बिनलग्नाच्या पोरसवदा मास्तरला ते तेव्हा शक्यही नसेल, पण ती बाजू कळायला हवी होती असं राहून राहून वाटलं. दिवाळीत मावशीकडे आटपाडीला गेले तेव्हा डोळे तीच वाडी शोधत होते. आता तिथं टेंभू योजनेचं पाणी आलंय, डाळिंबाच्या बागा आहेत, ठिबकच्या नळ्या दिसतात. तरी रस्त्यात मेंढरांचा कळप आडवा आला आणि आमची गाडी दहा मिनिटं थांबली. मला ती दहा मिनिटं हवीच होती.

दुसरी 'फकिरा'. अण्णा भाऊ साठे वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे, शाळेत जेमतेम दीड दिवस गेलेले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. १९५९ची ही कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली आहे. सुरुवातीची जोगणीची पन्नास-एक पानं मी एका बैठकीत वाचली. शेजारच्या गावाची जोगणी, म्हणजे जत्रेतली मानाची वस्तू, पळवून आपल्या शिवेत आणली की जत्रेचा मान आपल्या गावाला, आणि पळवणारा त्यांच्या शिवेच्या आत सापडला तर जीव जाणार. फकिराचा बाप राणोजी ती आणतो. शीव ओलांडल्यावर त्याला हात लावायचा नाही हा रिवाज, आणि तोच मोडून त्या शेजारच्या गावाचा बापू खोत त्याला मारतो. इथं माझा संताप संताप झाला. माणूस मेला याचा होताच, पण दिलेला शब्द मोडला याचा जास्त. आमच्या यार्डात आजही निम्मा व्यवहार शब्दावर चालतो, म्हणून असेल.

पुढं फकिरा धाडसानं धान्य लुटतो, खजिना लुटतो, इंग्रजांच्या नाकी नऊ आणतो. ते वाचताना पानं भराभर उलटली खरी, पण फकिरा इतका निर्मळ, इतका न चुकणारा आहे की मला त्याच्याबद्दल धास्ती वाटेनाशी झाली. दुष्काळातली पानं मात्र वेगळीच. घरात दाणा नाही, म्हातारी माणसं आणि पोरं डोळ्यांदेखत खंगताहेत, आणि विष्णुपंत कुलकर्णी वतनदार असूनही उपाशी माणसांच्या बाजूनं उभा राहतो. भूक लिहावी ती अण्णा भाऊंनीच. ज्यानं ती सोसली नाही त्याला तसं लिहिता यायचं नाही. कुणाला फक्त एकच कादंबरी वाचायची असेल तर मी 'बनगरवाडी' सांगेन, पण घरातल्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोराच्या हातात 'फकिरा' देईन.

'बारोमास'बद्दल थोडक्यात लिहिणं मला जड जातंय. सदानंद देशमुखांच्या या कादंबरीला २००४चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. शिकून नोकरी न मिळालेला एकनाथ विदर्भातली कोरडवाहू शेती ओढतोय, शहरातून आलेल्या बायकोचं, अलकाचं, त्या घरात मन रमत नाही, आणि बाप गुप्तधनाच्या नादानं जमीन उकरत बसलाय. मी रोज शेतकऱ्याची पट्टी लिहिते. वर पोत्यांचं वजन आणि दर, खाली हमाली, तोलाई, आधी घेतलेली उचल. शेवटचा आकडा लिहिताना समोरच्या माणसाच्या तोंडाकडं बघायचं मी कित्येक वर्षं टाळत आले. ही कादंबरी म्हणजे ती पट्टी घेऊन माणूस घरी गेल्यावर काय होतं, ते. अलकाचा सुरुवातीला राग आला, मध्यापर्यंत तो गेला. तिचंही चुकत नाही, एकनाथचंही चुकत नाही, आणि तरी घर मोडतं. पुस्तक लांबलंय, काही संवादांत तेच तेच येतं, पण मी एकही पान गाळलं नाही.

'ययाति' मला या वेळी जमली नाही. खांडेकर सांगलीत जन्मलेले, मराठीला पहिलं ज्ञानपीठ, १९७४चं, त्यांच्यामुळे मिळालं, त्यामुळे हे लिहिताना मन चरकतं. शाळेत असताना मी यातली वाक्यं वहीत उतरवून घ्यायची. आता चाळिशी उलटल्यावर वाचताना तीच सुंदर वाक्यं माझ्या आणि माणसांच्या मध्ये उभी राहिली. ययाति, देवयानी, शर्मिष्ठा आपापली गोष्ट आळीपाळीनं सांगतात ही कल्पना उत्तम आहे, पण तिघंही एकाच माणसासारखं बोलतात. शर्मिष्ठा, राजकन्या असून दासी झालेली, तेवढी जवळची वाटली. तिची पानं पुन्हा वाचीन.

सध्या चालू आहे 'झाडाझडती'. विश्वास पाटलांची, १९९२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली, धरणात उठलेल्या गावाची गोष्ट. जमीन कधी मिळणार, मोबदला किती, कोणता कागद कुठल्या टेबलावर अडलाय, हे लेखकानं इतकं बारीक लिहिलंय की खूप सावकाश वाचावं लागतंय. अर्ध्यावर आले आहे. आमच्या दुकानात हमाली करणारे एक मामा चांदोली धरणातून उठलेले, आता वसाहतीत राहतात. टेबलावरचं पुस्तक बघून त्यांनी विचारलं कशाचं आहे. मी सांगितलं. खांद्यावरचं पोतं थप्पीला लावून ते परत आले, हात पुसले, पुस्तक उलटसुलट करून बघितलं. त्यांना वाचता येत नाही.

"गाव बुडाल्यावर देव कुठं नेला त्यांनी, लिवलंय का त्यात?"

"अजून तिथवर आले नाही, मामा."

"आलं की सांगा," म्हणाले. मग त्या दिवसापासून मी ते घरी नेऊन वाचायचं सोडलं. पुस्तक आता दुकानातच ठेवते. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मामा डबा घेऊन माझ्या टेबलाशेजारी पोत्यावर बसतात आणि मी दहा-बारा पानं मोठ्यानं वाचते.