वाचक विचारतात: पाठलागाच्या सीनमध्ये गाडी नक्की कोण चालवतं?

गेल्या अंकात १९६८ च्या 'बुलिट' ह्या इंग्रजी सिनेमातल्या कार चेसबद्दल जाता जाता चार ओळी लिहिल्या आणि तुमचे इतके मेसेज आले की ह्या वेळचा सगळा कॉलम त्यालाच दिलाय. बरेच प्रश्न सारखेच होते म्हणून एकत्र केलेत.

प्रश्न (गिरगावातून एक काका): ताई, तुमचं वाचून मुलाने टीव्हीवर बुलिट लावून दिला. आम्ही तरुणपणी मेट्रो, इरॉसला इंग्रजी पिक्चर बघायचो पण हा राहिला होता. मला एवढंच सांगा, ती हिरवी गाडी स्टीव्ह मॅक्वीन स्वतः चालवतोय का? आणि आधी मस्त म्युझिक चालू असतं ते ऐन पाठलागात बंद का होतं?

उत्तर: काका, ह्याचं अर्धं उत्तर गाडीतल्या आरशात आहे. परत बघाल तेव्हा त्या हिरव्या मस्टँगच्या रिअर व्ह्यू मिररकडे लक्ष ठेवा. आरसा खाली वळवलेला असेल आणि त्यात मॅक्वीनचा, म्हणजे सिनेमाच्या हीरोचा, चेहरा दिसत असेल तर गाडी तोच चालवतोय, आणि आरसा वर केलेला असेल, चेहरा दिसत नसेल, तर आत त्याच्या जागी बसलेला स्टंटमन आहे, बड एकिन्स नाहीतर लोरेन जेन्स. मॅक्वीनला सगळंच स्वतः करायचं होतं, तो रेसिंगवाला माणूस, गाडीवर त्याचा हात चांगलाच होता, पण एका वळणावर त्याची गाडी पुढे निघून गेली, टायरचा धूर झाला, त्याला रिव्हर्स घेऊन परत वळावं लागलं. तो शॉट टाकून न देता सिनेमात तसाच ठेवलाय आणि मला तो फार आवडतो, कारण खऱ्या पाठलागात असंच होणार ना. मात्र त्यानंतर उतारावरची जीवघेणी कामं एकिन्सकडे गेली. हाच एकिन्स १९६३ च्या 'द ग्रेट एस्केप'मध्ये मोटारसायकल तारेच्या कुंपणावरून उडवतो, जो शॉट लोक आजही मॅक्वीनच्या नावावर सांगतात.

पण खरं सांगू का, सगळे मस्टँगबद्दल बोलतात आणि पुढच्या काळ्या डॉज चार्जरमध्ये बसलेल्या माणसाला विसरतात. तो बिल हिकमन. चष्मा लावलेला, हातात ग्लोव्हज, अख्ख्या सीनमध्ये तोंडातून एक शब्द नाही. तो ॲक्टर म्हणून पडद्यावर आहे आणि गाडीही तोच चालवतोय, त्यामुळे त्या गाडीच्या बाबतीत आरशाची भानगडच नाही, कॅमेरा बिनधास्त त्याच्या तोंडावर जाऊ शकतो. आधी हा आणि चार्जरमधला त्याचा साथीदार, हे दोघे खुनी, मॅक्वीनच्या मागावर असतात, तो अचानक दिसेनासा होतो, हे इकडेतिकडे शोधत असतात आणि तेवढ्यात ह्यांच्याच आरशात मागून चढावावरून मस्टँग वर येताना दिसते. म्हणजे आता तो ह्यांच्या मागावर. हिकमन काही बोलत नाही, फक्त सीटबेल्ट घेतो आणि कमरेला लावतो. १९६८ साली सिनेमात सीटबेल्ट कोण लावत होतं हो! त्या एका हालचालीत कळतं की हा माणूस पट्टीचा आहे आणि आता काहीतरी मोठं होणार आहे. मग सिग्नलपाशी चार्जर टायर करकरवत वळते आणि तिथेच लालो शिफ्रिनचं म्युझिक थांबतं. पुढे फक्त इंजिन, गिअर आणि टायर. म्युझिक असतं तर तुम्ही कधी घाबरायचं हे त्याने तुम्हाला सांगितलं असतं, ते नाही म्हटल्यावर तुम्ही गाडीचा आवाज ऐकायला लागता, गिअर बदलला की तुम्हाला कळतं, आणि कळायला लागलं की तुम्ही गाडीतच बसलेले असता. माझ्या मते हा सीन इतका टिकला त्याचं मोठं कारण हेच.

बाकी तयारी पण प्रचंड होती. डायरेक्टर पीटर येट्स इंग्लंडचा, त्याच्या १९६७ च्या 'रॉबरी'मधला लंडनचा पाठलाग बघून त्याला हे काम मिळालं. स्टंटची जबाबदारी कॅरी लॉफ्टिनकडे, गाड्या तयार केल्या मॅक्स बाल्चोव्हस्कीने. सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या चढ-उतारांवर गाडी हवेत उडून दाणकन खाली आपटते, साधी गाडी तिथेच बसली असती, म्हणून स्प्रिंग, शॉक ॲबसॉर्बर सगळं मजबूत करून घेतलं, इंजिनचं काम मस्टँगवर जास्त झालं, चार्जरचं इंजिन जवळपास होतं तसंच ठेवलं. ठरलं होतं ताशी १२०-१३० किलोमीटरपर्यंत जायचं, प्रत्यक्षात गाड्या १७५ च्या वर गेल्या. आणि कॅमेरा नेहमीच्या स्पीडला, सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे हळू चाललेली गाडी नंतर फास्ट करून दाखवायची नाही. सीन चालतो १० मिनिटं ५३ सेकंद, शूटिंगला साधारण तीन आठवडे लागले.

प्रश्न (मुलुंडमधून): मी आणि माझा भाऊ फ्रेम थांबवून थांबवून बघत होतो. एक हिरवी फोक्सवॅगन बीटल परत परत येते, दोन्ही गाड्या तिलाच ओव्हरटेक करत राहतात! आणि काळ्या गाडीच्या चाकांच्या हबकॅप चारपेक्षा जास्त वेळा निघून पडतात. एवढ्या मोठ्या सिनेमात एवढी मोठी चूक?

उत्तर: बरोबर पकडलंत, दोन्ही आहेत. बीटलचं कारण असं की उतारावरची ती एकच दौड वेगवेगळ्या जागी कॅमेरे लावून घेतली होती, आणि एडिटिंग करताना तेच तुकडे एकामागून एक वेगळे क्षण असल्यासारखे वापरले. त्यामुळे तीच बीटल परत भेटते. रस्त्यांचंही तेच, सॅन फ्रान्सिस्कोचा माणूस बघेल तर त्याला चक्कर येईल, गाडी एका टेकडीवर वळते आणि पुढच्या शॉटला शहराच्या भलत्याच टोकाला असते, म्हणजे आपल्याकडे दादरला डावीकडे वळलो आणि एकदम पाली हिलच्या उतारावर निघालो असं काहीतरी.

तरी मी ह्याला नुसती चूक म्हणणार नाही. एडिटर फ्रँक केलरला ह्याच सिनेमासाठी ऑस्कर मिळालं आणि ते योग्यच होतं. त्याने भूगोल सांभाळला नाही, पण दोन गाड्यांमधलं अंतर सांभाळलं. कोण पुढे, कोण मागे, किती मागे, हे तुम्हाला एक सेकंदही विसरायला होत नाही. आजकालच्या बऱ्याच पाठलागांत दर सेकंदाला कट असतो आणि शेवटी आपली गाडी कुठली हेच कळत नाही, मग पडद्यावर कितीही गाड्या फुटल्या तरी मनाला काही होत नाही.

शेवटचा पेट्रोल पंपाचा स्फोट एकदा नीट बघा. चार्जरमध्ये पुतळे बसवले होते आणि ती बाजूच्या मस्टँगला जोडून ओढत आणली, ऐन वेळी सोडली की ती जाऊन पंपावर आदळणार असा प्लॅन. ती आदळलीच नाही, पंपाच्या बाजूने निघून गेली आणि स्फोट तर उडाला. परत करायची सोय नव्हती, पंप जळून गेलेला. कट कुठे मारायचा ह्यावर तो शॉट वाचलाय, आणि तुमच्यासारखे फ्रेम थांबवणारे असतील तर आगीच्या मागून पुढे जाणारी गाडी सापडेल.

प्रश्न (अंधेरीतून, रोज मेट्रोने जाणाऱ्या एका ताई): घाटकोपर-वर्सोवा मेट्रोतून खाली रस्त्याकडे बघताना मला नेहमी 'फ्रेंच कनेक्शन' आठवतो, वर ट्रेन आणि खाली गाडी. ते खरंच चालू ट्रॅफिकमध्ये केलं होतं का? परवानगी कशी मिळाली असेल?

उत्तर: हो ताई, बराचसा खऱ्या ट्रॅफिकमध्ये, आणि हे वाचून अंगावर काटा येतो. १९७१ चा सिनेमा, डायरेक्टर विल्यम फ्रीडकिन, जागा न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला खांबांवरून जाणाऱ्या रेल्वेखालचा रस्ता. प्रोड्युसर फिलिप डँटोनी, म्हणजे बुलिटवालाच, आणि ड्रायव्हर परत आपला बिल हिकमन. गाडीच्या मागे गाडी बुलिटमध्ये होऊन गेलेली, म्हणून इथे ट्रेनच्या मागे गाडी. खुनी वर ट्रेनमध्ये, जीन हॅकमनचा पोलीस खाली पॉन्टिॲकमध्ये, त्याला वर बघायचंय आणि समोरही बघायचंय, दोन्ही बाजूंना लोखंडी खांब. वर मोटरमनला हार्ट अटॅक येतो आणि ट्रेन कुठल्याच स्टेशनला थांबत नाही. हे वर-खाली वर-खाली जे जोडलंय ते जेरी ग्रीनबर्गचं काम, त्यालाही एडिटिंगचं ऑस्कर मिळालं.

हॅकमनने गाडी बरीच चालवली, पण सगळ्यात भयंकर दौड हिकमनची. गाडीवर नुसता सायरन लावून सव्वीस ब्लॉक, ताशी १४५ किलोमीटरच्या आसपास, आणि मागच्या सीटवर कॅमेरा घेऊन स्वतः फ्रीडकिन, कारण कॅमेऱ्याच्या लोकांना बायकापोरं होती आणि हा तेव्हा एकटा. चौकात पांढऱ्या गाडीची जी धडक बसते ती ठरलेली नव्हती. बाबागाडी घेऊन मध्ये येणारी बाई मात्र ठरवून ठेवलेली स्टंटवाली. ट्रेनची टक्कर तर करता येणं शक्यच नव्हतं, म्हणून ट्रेन मागे जाताना शूट केली आणि फिल्म उलटी फिरवली. काही शॉट सेकंदाला १८ फ्रेमने घेतले, म्हणजे पडद्यावर थोडे फास्ट दिसतात. बुलिटवाल्यांनी हे टाळलं होतं आणि मला त्यांचा आग्रह जास्त पटतो, पण इथे खांबांमुळे ते खटकत नाही एवढं कबूल करावं लागेल.

परवानगीचं म्हणाल तर फ्रीडकिनने नंतर उघड सांगितलंय की ट्रेनसाठी एका अधिकाऱ्याला ४०,००० डॉलर आणि जमैकाचं एकेरी तिकीट द्यावं लागलं, कारण त्याला माहिती होतं आपली नोकरी जाणार. रस्त्यावरच्या दौडीचं म्हणाल तर त्याने असंही म्हटलंय की लोकांचा जीव धोक्यात घातला, परत असं कधीच करणार नाही. हे मला महत्त्वाचं वाटतं. सीन महान आहे, पण त्या रस्त्यावरून कामाला निघालेल्या माणसाला कुणी विचारलं नव्हतं की तुला ह्या सिनेमात यायचंय का. आपल्याकडे मेट्रोखाली असं कुणी करू म्हटलं तर मी स्वतः विरोधात उभी राहीन.

प्रश्न (विक्रोळीतून एक आई): माझा मुलगा कॉलेजला आहे. रात्री मित्रांबरोबर हायवेवर बाईकचे रील काढतो, म्हणतो मला स्टंटमन व्हायचंय. काय सांगू त्याला?

उत्तर: त्याला सांगा की स्टंटमन होणं ही खूप चांगली गोष्ट आहे आणि हायवेवर तो जे करतोय त्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. बुलिटवाल्यांनी शहरात गाडी घालायच्या आधी शहराबाहेरच्या रेसिंग ट्रॅकवर सराव केला, रस्ते बंद केले, गाडीचा पार्ट न् पार्ट तपासला, प्रत्येक वळण ठरवलेलं होतं आणि हे करणारी माणसं वर्षानुवर्षं ह्याच धंद्यात होती. मुंबईत स्टंट कलाकारांची स्वतःची असोसिएशन आहे, तिथे सीनियर लोकांच्या हाताखाली काम शिकता येतं, जिम्नॅस्टिक, मार्शल आर्ट, ड्रायव्हिंग, पोहणं, आणि केबलवर लटकताना आपली बकल दुसऱ्याकडून तपासून घेणं हे सगळं त्यात आलं. त्याला खरंच हौस असेल तर त्याला कुणातरी ॲक्शन डायरेक्टरच्या माणसांना भेटू दे, ते लोक त्याला पहिला प्रश्न विचारतील की हेल्मेट कुठलं वापरतोस. आणि हायवेची रात्र आजपासून बंद, ह्यात तडजोड नको वहिनी, रागावला तरी चालेल.

प्रश्न (भांडुपमधून): तुम्ही एडिटरला ऑस्कर मिळालं म्हणता. मग जीव धोक्यात घालणाऱ्या ड्रायव्हरला काय मिळालं?

उत्तर: ऑस्कर तर नाहीच, कारण तसा विभागच नव्हता. एकाच माणसाने तीन-चार वर्षांत असे दोन पाठलाग चालवले, दोन्ही सिनेमांना एडिटिंगचं ऑस्कर, फ्रेंच कनेक्शन तर बेस्ट पिक्चर, आणि बिल हिकमन १९८६ मध्ये गेला तेव्हाही स्टंटसाठी वेगळं ऑस्कर नव्हतं. स्टंटवाल्यांनी कितीतरी वर्षं मागणी लावून धरली, शेवटी एप्रिल २०२५ मध्ये ऑस्कर देणाऱ्या अकादमीने स्टंट डिझाईनचा पुरस्कार जाहीर केला, तो २०२७ मध्ये रिलीज होणाऱ्या सिनेमांपासून, म्हणजे पहिला मिळणार २०२८ च्या शंभराव्या सोहळ्यात. आपण ह्यात पुढे आहोत बरं का, राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत २०१६ च्या सिनेमांसाठी ॲक्शनचा पुरस्कार सुरू झाला आणि पहिला पीटर हेनला मिळाला, मल्याळम 'पुलिमुरुगन'साठी. पण आपल्याकडे गाडी उडवणाऱ्या डुप्लिकेटचं नाव अजून शेवटच्या पाटीत, ती वाचायच्या आत थिएटरचे लाईट लागतात नाहीतर ओटीटी पुढचा एपिसोड लावून मोकळं होतं. ते थांबवा आणि नावं वाचा, मी वाचते.

प्रश्न (परळमधून): हे दोन्ही बघून झाले. आता कुठला बघू?

उत्तर: १९७३ चा 'द सेव्हन-अप्स'. ह्या वेळी डँटोनी स्वतः डायरेक्टर, पाठलाग न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर, रॉय शायडर मागे आणि पुढच्या गाडीच्या स्टिअरिंगवर परत हिकमन, तोंड दिसेल असा.