भाव यार्डातला नव्हे, चक्कीच्या तोंडाशी धरा

खरेदी, गोदाम आणि वाहतूक यांबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी चार या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : सांगलीजवळ आमचा हळद-मिरची पावडरीचा छोटा कारखाना आहे. हळद सांगली यार्डातून आणि मिरची गुंटूरहून येते. हळद स्वस्तात घेऊनही हिशेब तोट्यात जातो. मिरची कधी संपते आणि मशीन बंद पडतं, तर कधी सगळं भांडवल गोदामात अडकतं. किती आणि केव्हा मागवावं? (मसाला उत्पादक, सांगली जिल्हा)

उत्तर : आधी हळद. तिचा भाव क्विंटलवर ठरतो, पण त्या क्विंटलमध्ये पाणी किती आहे हे बहुतेक जण विचारत नाहीत. समजा एक लॉट 14,000 रुपयांना मिळतोय आणि त्यात 14 टक्के ओलावा आहे. 100 किलोत कोरडा भाग 86 किलो. दळण्याआधी ओलावा 10 टक्क्यांवर आणला की हातात साधारण 95.5 किलो माल राहतो, म्हणजे खरा भाव 14,650च्या आसपास पडला. शेजारचा 10 टक्के ओलाव्याचा लॉट 14,400ला असेल, तर तोच क्विंटलमागे 250 रुपयांनी स्वस्त आहे. शिवाय ओली हळद वाळवण्याची मजुरी वेगळी आणि बुरशीचा धोका वेगळा.

म्हणून सौद्याआधी ओलावा मोजायचं मीटर लावा, आणि नमुना वरच्या ओंजळीचा घेऊ नका. तीन-चार पोती उसवून मधला आणि तळाचा माल काढा. हळकुंड हातात मोडून बघा. नीट वाळलेलं खणकन तुटतं, ओलं आधी वाकतं. मग हमाली, तोलाई, बाजार फी, भाडं आणि दळणातली तूट मिळवून किलोचा भाव काढा. दोन लॉटची तुलना करायची ती याच आकड्यावर.

आता मिरची. तुमचे आकडे तुम्ही घालाच, इथे उदाहरणादाखल रोजचा खप 200 किलो आणि गर्दीच्या दिवसांत 260 किलो धरू. ऑर्डर दिल्यापासून माल गोदामात उतरेपर्यंत एरवी 6 दिवस लागतात, वाईट वेळी 11. नवी ऑर्डर द्यायची ती शिल्लक 260 गुणिले 11, म्हणजे 2,860 किलोवर आली की. त्यातले 1,200 किलो (200 गुणिले 6) नेहमीच्या 6 दिवसांत खपणारे आणि उरलेले 1,660 किलो तुमची उशी, म्हणजे उशीर किंवा गर्दी झाली तर कामी येणारा साठा. उशी मोठी वाटत असेल तर ती कमी करायचा रास्त उपाय म्हणजे 11 दिवसांचे 8 करणं. मागच्या दहा खेपांच्या बिल्ट्या (ट्रान्सपोर्टच्या पावत्या) काढा आणि प्रत्येक खेपेत दिवस कुठे गेले ते लिहा : माल भरायला, गाडी मिळायला, रस्त्यात, की तुमच्याच दारात उतरवून घ्यायला. दारात उभ्या गाडीचे दिवस बरेचदा या हिशेबात धरलेच जात नाहीत.

एका वेळी किती मागवायचं? वर्षाचा खप 60,000 किलो, दर खरेदीमागे ये-जा, तपासणी आणि कागदपत्रांचा खर्च 6,000 रुपये, मिरची 180 रुपये किलो, आणि माल सांभाळण्याचा खर्च (व्याज, गोदामभाडं, तूट) वर्षाला 18 टक्के, म्हणजे किलोमागे 32.40 रुपये. 2 गुणिले 60,000 गुणिले 6,000, भागिले 32.40, आणि त्याचं वर्गमूळ. उत्तर येतं सुमारे 4,700 किलो. आकडा वजनाचा आहे. मिरची जागा जास्त खाते, तेव्हा गाडी ठरवताना टनांबरोबर कट्ट्यांची संख्याही सांगा, नाहीतर गाडी भरते आणि माल मागे उरतो.

पण हे सूत्र भाव वर्षभर सारखा आहे असं धरून चालतं, आणि मिरची तर हंगामी. साठा करायचा विचार असेल तर 18 टक्के म्हणजे महिन्याला दीड टक्का, किलोमागे 2.70 रुपये. पाच महिने ठेवलेली 180ची मिरची तुम्हाला 193.50ला पडते. पाच महिन्यांनी बाजार त्याच्या वर जाईल अशी खात्री नसेल, तर साठा करू नये. याला अपवाद एकच. मे-जूनमध्ये गुंटूर यार्डाला उन्हाळी सुट्टी असते. तारखा अडत्याकडून आधी मागून घ्या आणि बंद दिवसांचा खप वर लिहिलेल्या 2,860च्या वर वेगळा भरून ठेवा. 30 दिवस बंद असेल तर ते 6,000 किलो होतात.

प्रश्न : संगणकात 340 कट्टे दिसतात, मोजले की 326 भरतात. चोरी होत नाही याची खात्री आहे. मग फरक येतो कुठून? (धान्य-मसाला ठोक व्यापारी, जालना)

उत्तर : मोजणीपासूनच तपासा. थप्पीची लांबी, रुंदी आणि उंची गुणून आकडा काढत असाल, तर थप्पी मधून पोकळ नाही ना, वरचा थर पूर्ण आहे ना, हे शिडी लावून बघावं लागतं. दुसरं, 40 आणि 50 किलोचे कट्टे एकाच नावावर चढवले जातात का? तसं असेल तर नग आणि किलो कधीच जुळणार नाहीत. दोन वेगळे कोड करा. तिसरं, फाटलेल्या कट्ट्यांतला माल एकत्र करून भरला की चारचे तीन होतात आणि नोंद कोणी करत नाही. चौथं, रात्री गेलेल्या मालाची नोंद सकाळी होते आणि मधे कुणीतरी मोजणी केलेली असते.

वर्षातून एकदा सगळं गोदाम मोजण्यापेक्षा दर शनिवारी दहा थप्प्या मोजा. महाग आणि जास्त फिरणारा माल महिन्यातून एकदा तरी आलाच पाहिजे. मोजताना आवक-जावक थांबवा. मोजणाऱ्याला संगणकातला आकडा सांगू नका, कारण सांगितला की डोळा त्या आकड्यालाच जुळवून घेतो. फरक निघाला की आकडा लगेच दुरुस्त न करता आधी कारण लिहा. दोन-तीन महिन्यांत तेच कारण पुन्हापुन्हा वर येईल.

थप्पीसाठी एवढं : भिंतीपासून दीड-दोन फूट सोडून आणि जमिनीपासून वर, लाकडी फळ्यांवर. पावसाळ्यात भिंतीला टेकलेली ओळ पहिली खराब होते. प्रत्येक थप्पीवर आवकेची तारीख टांगा आणि नवा माल जुन्यासमोर लावू नका. आधी आलेला आधी जावा असं वाटत असेल, तर जुन्यापर्यंत हमालाला वाट ठेवावी लागते.

प्रश्न : पावसात सात कट्टे भिजून आले. ड्रायव्हर घाईत होता म्हणून सही करून दिली. ट्रान्सपोर्टवाला म्हणतो, बिल्टीवर ‘मालकाच्या जोखमीवर’ छापलं आहे. काय करता येईल? (किराणा वितरक, कोल्हापूर)

उत्तर : सही करण्याआधी पोचपावतीवर ‘7 कट्टे भिजलेले, वजन तपासून घेतले’ असं लिहून ड्रायव्हरची सही घ्यायला हवी होती. पुढच्या वेळी ही ओळ चुकवू नका. आता उतरवताना काढलेले फोटो, ताडपत्री फाटली असल्यास तिचा फोटो आणि वजनाची चिठ्ठी जपून ठेवा. भिजलेला माल फेकू नका.

रस्ता मालवाहतुकीच्या 2007च्या कायद्यानुसार वाहतूकदारावर दावा करायचा असेल, तर माल बुक झाल्याच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. तारीख पोचल्याची नव्हे, बुक झाल्याची. जास्त किंमत लिहून वेगळं जोखीमभाडं भरलं नसेल, तर भरपाई भाड्याच्या दहा पटींवर जात नाही. 1,500 रुपये भाडं दिलेल्या महाग मालाला त्यामुळे फार तर 15,000 मिळतात. महाग मालासाठी वाहतूक विमा घ्या. तो असेल तर विमा कंपनीला लगेच कळवा आणि वाहतूकदाराला नोटीसही द्याच, कारण ती दिली नाही तर विम्याचा दावाही अडू शकतो.

प्रश्न : गाडी उमरग्याजवळ बंद पडली आणि ई-वे बिलाची (माल नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची) मुदत संपत आली. नवं बिल काढावं का? (वाहतूक व्यवस्थापक, सोलापूर)

उत्तर : नवं नको, मुदत वाढवा. मुदतवाढीची खिडकी मुदत संपण्याच्या 8 तास आधी उघडते आणि संपल्यावर 8 तासांनी बंद होते. कारण, गाडी कुठे आहे ते ठिकाण आणि उरलेलं अंतर भरावं लागतं. ज्याच्या नावावर त्या वेळी वाहतूक नोंदवलेली आहे, त्या ट्रान्सपोर्टरच्या लॉगिनमधूनच ते होतं. तेव्हा रात्री फोन उचलणारा माणूस त्याच्याकडे असल्याची खात्री करून घ्या. माल दुसऱ्या गाडीत टाकला तर ती हलण्याआधी बिलाच्या भाग ‘ब’मध्ये गाडीचा नवा नंबर चढवा. बिलाची मुदत 200 किलोमीटरला एक दिवस, आणि पहिला दिवस बिल काढल्याच्या दुसऱ्या दिवशी मध्यरात्री संपतो. म्हणजे सोमवारी दुपारी चारला 180 किलोमीटरसाठी काढलेलं बिल मंगळवारी रात्री बारापर्यंत चालतं. मुदत संपलेल्या बिलावर गाडी पकडली गेली, तर करपात्र मालावर कराच्या 200 टक्के दंड लागू शकतो.