प्रूफ यंत्राने तपासले, मग मुद्रितशोधकाचा दर किती?

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातील एका खेड्यात राहते. नागपूर-पुण्याच्या प्रकाशकांची प्रुफे घरूनच तपासून देते आणि कापसाने दगा दिला त्या वर्षी याच पैशावर घर चालले. आता एका प्रकाशकाने कळवले आहे की, मजकूर आधी एआय सॉफ्टवेअरमधून काढून पाठवू, तुम्ही नुसती नजर फिरवा. पानामागचा दर निम्मा राहील. हे मान्य करावे का?
— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : निम्मा दर सरसकट मान्य करू नये, असे आमचे मत आहे, मात्र जुनी घडी तशीच राहील, अशी आशाही धरू नये. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये खुले झाले आणि तेव्हापासून चुकलेली वेलांटी, सुटलेला अनुस्वार, दोनदा पडलेला शब्द शोधण्याचे काम यंत्रे फार स्वस्तात करू लागली आहेत. केवळ तेवढ्यावर ज्यांचे पोट आहे, त्यांचे काम कमी होत जाणार. छापखान्यातले खिळे जाऊन डीटीपी, म्हणजे संगणकावरची अक्षरजुळणी, आले तेव्हा खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरांचा रोजगार गेला आणि मुद्रितशोधक तरला. या वेळी पाळी त्याची आहे.

तरीही ‘नुसती नजर फिरवा’ हे म्हणणे प्रकाशकाच्या सोयीचे आहे, खरे नाही. कच्च्या प्रुफातील चूक डोळ्यांत खुपते. यंत्राने घोटून दिलेल्या मजकुरातील चूक खुपत नाही, म्हणून ती शोधायला वेळ अधिक लागतो. जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये आणताना ‘ऱ्य’ आणि ‘र्य’ यांची अदलाबदल होते, हे आपण पाहिले असेलच. ‘पऱ्हाटी’ची ‘पर्हाटी’ झाली तर निदान दिसते. पण ‘आचाऱ्यांना बिदागी दिली’ याचे ‘आचार्यांना बिदागी दिली’ झाले, तर शब्द शुद्ध, वाक्य सुरळीत, आणि लग्नाच्या स्वयंपाकाचे पैसे मात्र गुरुजींच्या नावावर! दुसरी खोड याहून वाईट आहे. कथेतील म्हातारा ‘काहून बोलून नाही राहिला बे?’ असे विचारतो, तिथे यंत्र ‘तू का बोलत नाहीस?’ असे सुधारून ठेवते, आणि दारव्ह्याचा म्हातारा सदाशिव पेठेत राहायला जातो. अशी सुधारणा मूळ प्रतीशी ताडून पाहिल्याशिवाय कळतच नाही.

म्हणून प्रकाशकाकडे लेखकाची मूळ प्रत आणि यंत्राने केलेले बदल दिसतील अशी फाइल, दोन्ही मागावीत. एक सोळा पानी फर्मा जुन्या पद्धतीने आणि एक यंत्रातून आलेला, असे दोन्ही तपासून लागलेला वेळ लिहून ठेवावा आणि तो दाखवून पानामागे नव्हे, तासामागे मोबदला ठरवावा. सरळसोट माहितीपर मजकुरात आपला वेळ खरोखर वाचत असेल, तर तिथे दर कमी करायला हरकत नाही. बोलीतील कथा, स्मरणिका, गावाचा इतिहास यांत मुळीच करू नये, कारण माणसांची नावे, सनावळ्या, शेताचे गट क्रमांक हे सगळे तपासण्याची जबाबदारी शेवटी आपल्यावरच येते. अप्रकाशित हस्तलिखित फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकण्यास लेखकाची संमती घेतली आहे का, हेही प्रकाशकाला विचारावे. आपण स्वतः मात्र ती नसताना टाकू नये.

प्रश्न : माझी मुलगी अमरावतीला मराठी घेऊन एम.ए. करते आहे. तिने मुद्रितशोधन शिकावे का?
— एक पालक, ता. दर्यापूर

उत्तर : शिकावे, पण एकट्या त्यावर संसार उभा करण्याचा बेत नसावा. शासनमान्य लेखनाचे अठरा नियम, म्हणजे १९६२ चे चौदा आणि १९७२ मध्ये वाढलेले चार, तिने कारणांसह शिकावेत, कारण यंत्राने सुचवलेला बदल नाकारताना लेखकाला नियम सांगता आला पाहिजे. जोडीला अनुवाद किंवा ग्रंथसूची तयार करण्याचे काम असावे. पहिली दोन-तीन पुस्तके तरी तिने कोणत्याही यंत्राच्या मदतीशिवाय, कागदावर, हातात लाल पेन घेऊन तपासावीत.