डिसेंबरात पहाटे कोल्हापूर-सांगली साईडला कारने जायचंय, धुक्यात काय काळजी घेऊ?

धुक्यापेक्षा जास्त भीती उसाच्या ट्रॉल्यांची आहे बघा, गळीत हंगाम जोरात असतो, एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या आणि मागे रिफ्लेक्टर असला तरी लोंबणाऱ्या उसाने झाकलेला, त्यामुळे समोर जेवढं दिसतंय तेवढ्यात गाडी थांबेल एवढाच स्पीड ठेवा. अप्पर अजिबात मारू नका, उजेड धुक्यावरून उलटा डोळ्यात येतो, डिपरवरच चालवा. काच आतून धुरकट झाली की फडक्याने पुसत बसू नका, एसी लावून हवा काचेवर सोडा, लगेच साफ होते. आणि ते चालत्या गाडीत चारी इंडिकेटर लावायचं फॅड सोडा राव, तुम्ही वळताय का थांबलाय मागच्याला काही कळत नाही. धुकं फारच असेल तर रस्त्याकडेला नको, सरळ ढाब्यावर गाडी आत घ्या आणि ऊन येईपर्यंत चहा मारा.